टेलचे पाणी आणि हातावरचे पोट : नीराकाठच्या कष्टकरी बालपणाचा इतिहास

सह्याद्रीत भोरच्या डोंगरांत उगम पावणारी नीरा नदी पुणे जिल्ह्याची दक्षिण सीमा आखत पूर्वेकडे जाते आणि इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. या वाटेच्या उत्तरार्धात तिच्या डाव्या तीरावर निरवांगी, निमसाखर, खोरोची ही इंदापूर तालुक्यातील गावे आहेत आणि पलीकडे सोलापूर जिल्ह्याचा माळशिरस तालुका लागतो. नकाशावर ही गावे नदीकाठची दिसतात. प्रत्यक्षात मात्र हा सारा प्रदेश पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगरांनी पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्याचा आहे, आणि वीजपंप येण्यापूर्वी खोल पात्रातले पाणी काठावरच्या शेतात चढवणे सामान्य कुळाच्या आवाक्यात नव्हते. नदी उशाशी असूनही पिकाने आभाळाकडे पाहावे, ही येथील शेतीची मूळ अडचण होती, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे या भागातल्या कष्टकरी घरांनी जी काटकसर अंगी बाणवली तिची मुळे या अडचणीत होती.

इंदापूरची ही दैना सरकारी कागदांत फार लवकर नोंदली गेली. पेशवाई संपल्यानंतर इंग्रजांनी पुणे प्रांतात बसवलेला पहिला सारा इतका जड ठरला की इंदापूर परगण्यातील कुळे जमिनी टाकून परागंदा झाली, आणि म्हणूनच गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात नव्या मोजणीची सुरुवात याच तालुक्यातून केली. जमिनीचा कस पाहून प्रत लावायची आणि त्यानुसार प्रत्येक शेतकऱ्याशी थेट साऱ्याचा करार करायचा, ही मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धत इंदापुरात आकाराला आली. सारा हलका झाला, पण तो रोख भरायचा असल्याने सावकाराची पायरी चुकली नाही. बारामतीजवळच्या सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन गहाणखतांची होळी केली आणि हे लोण इंदापूर, पुरंदर, शिरूर या भागांत पसरले. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला.

दंग्यांची धग विझते न विझते तोच १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. मदतकार्यांवरच्या मजुराला जेमतेम एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरतील, अशी मजुरी इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवली होती. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाचे त्यात भागत नाही, हे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला वारंवार कळवले, आणि १८७७ च्या आरंभी मजुरांनी कामे सोडून त्याला दुजोराही दिला. कागदोपत्री काटकसर सरकारचीच होती. तिची झळ मात्र मजुरांच्या पोटाला बसत होती. अवर्षणाच्या याच अनुभवातून नीरेवरील कालव्याच्या योजनेला जोर आला. १८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्यातून पाणी वाहू लागले, येळवंडीवरील भाटघरच्या धरणाचा साठा त्यामागे उभा राहिला आणि पुरंदर, बारामती, इंदापूर असा पाट पूर्वेकडे सरकत गेला. १९२० च्या दशकाअखेरीस भाटघरला मोठे धरण पूर्ण झाले आणि नदीच्या दक्षिणेला उजवा कालवाही सुरू झाला.

कालवा दुष्काळ टाळण्यासाठी काढला होता. ज्वारी-बाजरीला अडीअडचणीला दोन पाणी मिळावे, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. परंतु पाणीपट्टीची वसुली आणि नगदी पिकाचा भाव यांनी तो लवकरच उसाकडे वळवला. सासवडच्या माळी बागायतदारांनी पाटाच्या कडेने खंडाने जमिनी घेत, गूळ करत पूर्वेकडे मुक्काम हलवले, आणि त्यांच्यातल्याच मंडळींनी १९३० च्या दशकात नदीपलीकडे माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभारला. या विस्तारात एक भेद कायमचा पडला. पाटाच्या मुखाकडील गावांना पाणी आधी आणि भरवशाचे, तर शेपटाकडील गावांना उरलेले आणि उशिराचे. या शेपटाला शेतकरी आजही ‘टेल’ म्हणतात, आणि कालव्याच्या दृष्टीने इंदापूर तालुका टेलचा आहे. पाण्याची पाळी, म्हणजे ठरलेल्या क्रमाने येणारे आवर्तन, चुकले की टेलच्या शेतकऱ्याचे पीक जळते आणि त्याच्याकडे खुरपायला, भिजवायला जाणाऱ्या मजुराचा रोजही बुडतो. पाटाने या भागाला समृद्धी दिली असे सरसकट म्हटले जाते, पण पाण्याबरोबर पाण्याची वाट पाहणारा एक मोठा मजूरवर्गही त्याने जन्माला घातला, हे सहसा सांगितले जात नाही.

१९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशभर साखर कारखान्यांची लाट आली. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी या सुमारास निरवांगीच्या जवळच असलेल्या कळंब परिसरात शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या, त्या सलग करून ऊस लावला आणि साखर कारखाना उभा केला. त्यांच्या नावाने वसलेले वालचंदनगर ही कंपनीची वसाहत होती. कारखान्याचा भोंगा, कामगारांच्या चाळी, दवाखाना, शाळा, बाजार, सारे एका व्यवस्थेखाली होते. पुढे तेथे साखर कारखान्यांची व सिमेंट उद्योगाची यंत्रसामग्रीही बनू लागली. आसपासच्या खेड्यांतील ज्या कुटुंबांनी जमीन खंडाने दिली होती, त्यांच्यापैकी अनेकांची मुले त्याच जमिनीवर किंवा कारखान्यात मजुरीला लागली. येथील कष्टकऱ्यांचे त्यामुळे साधारण तीन थर पडले. कारखान्यातला ‘कायम’ कामगार, ज्याचा पगार ठरलेला असे. ‘हंगामी’ कामगार, ज्याचे काम गाळपाच्या, म्हणजे ऊस दळण्याच्या, चार-सहा महिन्यांपुरते असे. आणि उसाच्या मळ्यावरचा रोजंदार, ज्याच्या हातात आज काम असले तरी उद्याची शाश्वती नसे. या शेवटच्या थराच्याही खाली दरवर्षी मराठवाडा व नगरकडून बैलगाड्यांनी येणाऱ्या ऊसतोडणी टोळ्या होत्या, ज्या मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी पाचटाच्या कोप्यांत हंगाम काढत.

अशा घरांतले बालपण कसे होते, याची पुराव्यांची बाजू विचारात घ्यावी लागते. हॅरल्ड मॅन यांनी पुणे जिल्ह्यातील पिंपळे सौदागर आणि जातेगाव बुद्रुक या गावांची १९१७ व १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी हा भारतातील ग्रामीण अर्थशास्त्राचा एक आरंभबिंदू मानला जातो. शेतीच्या उत्पन्नावर बहुसंख्य कुटुंबांचे भागत नाही आणि बाहेरची मजुरी हाच त्यांचा खरा आधार आहे, असे तिने आकड्यांनी दाखवले. पण मॅन यांच्या तक्त्यांत मूल दिसते ते केवळ खाणारे तोंड म्हणून. त्याचे बोलणे ऐकायचे तर नीरा खोऱ्यातून निघालेल्या आत्मकथनांकडे वळावे लागते. पुरंदर तालुक्यातल्या वीरगावच्या आठवणी सांगणारे बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि फलटण तालुक्यातील कैकाडी समाजाच्या भटकंतीत वाढलेल्या लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ ही पुस्तके १९८० च्या दशकात वाचकांपुढे आली आणि पाहणीच्या तक्त्यांत न मावणारे बरेच काही सांगून गेली.

कष्टकरी घरातील काटकसरीचा पहिला हिशेब धान्याचा असे. १९५७ मध्ये दशमान नाणी आणि नंतर मेट्रिक मापे येईपर्यंत हा हिशेब आणे-पैशांत आणि निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली या मापांत चाले. त्यात प्रत्येक माप खालच्या मापाच्या दुप्पट-चौपट असल्याने अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आठवड्याचे दळण मनातल्या मनात मांडता येई. ज्वारी वा बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची किंवा लाल मिरचीची चटणी आणि कांदा हे नेहमीचे जेवण. भाजी बहुधा विकत न आणता बांधावरून खुडलेली, म्हणजे तांदुळजा, चिघळ, पाथरी अशी. ज्वारी संपत आली की तिच्या कण्या शिजत, आणि हुलग्याचे पीठ पाण्यात शिजवून केलेले पातळ माडगे वाडगाभर पिऊन मुले शेतावर जात. ज्या घरी कोंबड्या व शेळी असे तेथेही अंडी आणि दूध दुकानात किंवा चहाच्या टपरीवर जाई व त्या पैशांत मीठ, मिरची, रॉकेल येई. गुऱ्हाळ पेटले की मात्र आसपासच्या पोरांचे दिवस पालटत. मोठ्या कढईतला रस आटून गूळ होण्याआधी जी दाट काकवी उतरे, तिच्यासाठी लोटी घेऊन आलेल्या मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवणे गुऱ्हाळमालकाला कमीपणाचे वाटे.

याहून अधिक बोलके उदाहरण कापडाचे आहे. नऊवारी लुगडे नेसून नेसून मधोमध विरले की ते टाकून न देता विरलेला भाग कापून काढत आणि दोन्ही चांगली टोके शिवणीने जोडत. याला ‘दंड घालणे’ म्हणत. दंड घातलेले लुगडे आणखी वर्ष-दीड वर्ष निघे. त्यानंतर त्याच्या धडक्या तुकड्यांतून तान्ह्याची झबली-टोपरी आणि मुलीचा परकर निघे, उरलेले जुन्या धोतरांच्या थरांवर अंथरून दाट धावदोऱ्याने टाचत, म्हणजे वाकळ तयार होई, आणि वाकळीच्याही चिंध्या झाल्या की त्यांचे चुलीजवळचे पोतेरे होई. नवे कापड बहुधा दिवाळीला, बोनस किंवा उधारीच्या जोरावर येई, आणि मुलांचे सदरे ‘वाढत्या अंगाचे’ शिवले जात, जेणेकरून थोरल्याने दोन वर्षे वापरल्यावर ते धाकट्याच्या अंगावर चढावेत. शाळेच्या पुस्तकांची वाटचालही अशीच होती. वरच्या वर्गात गेलेल्या मुलाकडून ती निम्म्या किमतीत घ्यायची, खाकी कागदाचे वेष्टण घालून वर्षभर जपायची आणि जून उजाडला की खालच्या वर्गातल्या मुलाला त्याच भावाने द्यायची.

ही काटकसर बायका आणि मुलांच्या श्रमावर उभी होती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे, कारण नंतरच्या आठवणींत ती आईच्या गुणांची गोष्ट होऊन बसते आणि तिची मजुरी कोणी मोजत नाही. सरपण विकत घेणे म्हणजे उधळपट्टी. त्यामुळे गुरांमागे फिरून शेण गोळा करणे, गोवऱ्या थापणे, पऱ्हाट्या व तुऱ्हाट्यांच्या मोळ्या बांधणे ही मुलांची कामे होती. ऊस तुटला की वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, शेळी-म्हशीसाठी डोक्यावरून आणायचे. ज्वारीची काढणी झाल्यावर रानात सांडलेली कणसे वेचण्याची मुभा गरिबांना असे. याला ‘सरवा’ म्हणत, आणि भुईमूग निघाल्यावर खुरप्याने माती उकरून राहिलेल्या शेंगा वेचणे हाही सरव्याचाच प्रकार होता. सरव्यावर गेलेल्या घरात आठवड्याचे धान्य जमे, पण त्या आठवड्यात शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलांच्या नावापुढे खाडे पडत. मुलीच्या बाबतीत खाडा आणखी लांबे, कारण आई खुरपणीला गेली की धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळणे तिच्याच वाट्याला येई.

पैशाच्या अनिश्चिततेवर गावाने आपल्या परीने उपाय शोधले होते. किराणा दुकानदाराच्या वहीत प्रत्येक घराचे पान असे आणि पगार किंवा आठवड्याचा रोज झाला की त्यातले जमेल तेवढे फेडून नवी उधारी सुरू होई. यात दुकानदाराचा भाव चढा असे, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असे. ‘भिशी’त दहा-बारा जण दरमहा ठरलेली रक्कम टाकत आणि जमलेला गल्ला चिठ्ठी काढून किंवा गरज पाहून एकेकाला मिळे; मुलीचे लग्न, घरावरचे पत्रे, म्हशीची खरेदी अशा एकरकमी खर्चाला बँकेच्या आधी तीच उपयोगी पडली. अल्पभूधारकांत ‘सावड’ चाले, म्हणजे आज सर्वांनी एकाच्या रानात काम करायचे आणि उद्या दुसऱ्याच्या. तर ‘इर्जिक’ म्हणजे यजमानाने जेवण द्यायचे आणि गावकऱ्यांनी बैल-औतांसह एका दिवसात काम उरकून द्यायचे. घराघरांतली देवघेव याहून बारीक होती. काडेपेटीतली काडी वाचावी म्हणून तिन्हीसांजेला आळीत ज्या घरावर आधी धूर दिसे तिकडे गोवरीचा तुकडा देऊन पोराला पिटाळत; त्यावर घेतलेला विस्तव हातातल्या हातात फुंकत ते घरी येई आणि आळीतल्या चुली एकीवरून एक पेटत जात. चिपटेभर उसने पीठ परत करताना माप शिगेला भरावे, हा अलिखित नियम होता, आणि तो मोडणाऱ्या घराची अब्रू पाणवठ्यावर निघे.

पण हा पाणवठाच सर्वांचा नव्हता. आळीच्या एकोप्याच्या आठवणी सांगताना आळी कोणाची, हे बहुतेक वेळा गृहीत धरले जाते. महारवाडा आणि मांगवाडा गावकुसाबाहेर होते, त्यांना गावच्या आडावर पाणी शेंदता येत नसे, आणि विस्तवाची देवघेव त्या सीमेपाशी थांबे. बेबी कांबळे यांच्या आठवणींत काटकसरीला वावच नाही, कारण वाचवायला काही उरतच नाही. गावकीची कामे केल्याबद्दल बलुत्यापोटी मिळालेली भाकरी दारोदार फिरून आणायची आणि शिळी झाली की वाळवून ठेवायची, एवढाच संचय तेथे शक्य होता. माने यांनी वर्णिलेल्या कैकाडी कुटुंबाला तर आळीही नव्हती. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव जायचे, फोकांच्या कणग्या-टोपल्या विणून विकायच्या आणि गावकुसाबाहेर पाल ठोकायचे, असे ते जिणे होते, आणि त्यात शाळेचे नाव काढणे म्हणजे एक कमावता हात गमावणे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने महारवाड्यातील मुले शाळेत आणली, गावकीच्या कामांना नकार द्यायला शिकवले आणि १९५६ च्या धर्मांतराने त्या नकाराला बळ दिले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा त्यानंतर आला. गावाच्या एकोप्याचे मोल मान्य करूनही, ज्यांना त्यातून वगळले होते त्यांच्यापैकी अनेकांनी त्या गावापासून दूर जाण्यातच सुटका पाहिली, ही बाजू इतिहासात तितक्याच ठळकपणे यायला हवी.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत या व्यवस्थेचा पाया बदलला. सहकारी कारखानदारीच्या लाटेत बारामतीजवळ माळेगाव, इंदापूरच्या सीमेवर भवानीनगर आणि नीरेच्या वरच्या अंगाला सोमेश्वर असे कारखाने निघाले. कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी देणारी सवलत १९५९ मध्ये आली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने श्रमाच्या मोबदल्यात शिक्षणाचा मार्ग त्याआधीच रुळवला होता. कमाल जमीनधारणेचा १९६१ चा कायदा लागू झाल्यावर खासगी साखर कंपन्यांकडील मोठाल्या शेतजमिनी सरकारकडे आल्या आणि त्या कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. वालचंदनगरजवळचा रत्नपुरी मळा त्याच्याकडे गेला. मळ्यावरच्या मजुराचा मालक आता सरकार झाले, पण त्याची खोली, त्याचा रोज आणि पाण्याच्या पाळीवर अवलंबून असलेले त्याचे काम फारसे बदलले नाही.

या साऱ्या घडीची कठोर परीक्षा १९७२ च्या दुष्काळात झाली. लागोपाठच्या अवर्षणाने विहिरी आटल्या आणि सावड-इर्जिकीसारखे उपाय निरुपयोगी ठरले, कारण आपत्ती एका घरावर नव्हती, साऱ्या गावावर होती. शेजाऱ्याचीच चूल थंड असेल तर विस्तव आणायचा कोठून? मे १९७३ मध्ये राज्यभर मदतकार्यांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नाला-बांध अशी ही कामे होती, आणि आईबापांबरोबर अनेक मुलेही पाट्या वाहायला गेली. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, जिला लोक ‘मिलो’ म्हणत, मिळू लागली, आणि मदतकार्यांवर ‘सुखडी’ हा पौष्टिक खाऊ वाटला जाई. त्या पिढीच्या आठवणींत मिलोच्या भाकरीचा रंग आणि सुखडीची चव हमखास येते. १८७७ शी तुलना केली तर मात्र महत्त्वाचा फरक जाणवतो. दुष्काळ तितकाच व्यापक असूनही भूकबळींची तशी रांग या वेळी लागली नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला या अनुभवाने राजकीय वजन मिळाले. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी ठरली, तसा टंचाईच्या काळातला सावकाराचा आणि दुकानदाराच्या वहीचा धाकही सैल झाला.

पुढच्या दोन-तीन दशकांत पिठाच्या गिरणीने जाते, गॅसने गोवरी आणि तयार चादरीने वाकळ मागे सारली. भिशी मात्र टिकली, आणि १९९० नंतर बायकांच्या बचत गटांनी तिलाच हिशेबवही व बँक खाते जोडून नवे रूप दिले. ज्या शेतकऱ्यांनी एके काळी खंडाने जमिनी दिल्या होत्या त्या ‘खंडकऱ्यांचा’ लढा दीर्घकाळ चालला आणि अखेर त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. परंतु त्याच मळ्यांवर दोन-तीन पिढ्या राबलेल्या महामंडळाच्या कामगारांचा त्या जमिनीवर कागदोपत्री कोणताच हक्क नव्हता, आणि राहत्या घरापुरती दोन गुंठे जागा मिळावी, या मागणीसाठी त्यांच्या संघटनांना निवेदने द्यावी आणि मोर्चे काढावे लागले.